कंडक्टर गेले, पार्ट्स कुणाचे?

ऑर्केस्ट्राच्या ग्रंथपालाचं काम नेमकं काय, हे मला दरवेळी समजावून सांगावं लागतं. वाजवत मी काहीच नाही. प्रत्येक वादकाच्या स्टँडवर त्याच्या वाद्याचा पार्ट, म्हणजे त्या वाद्यापुरती स्वरलिपीची पानं, वेळेत आणि योग्य त्या खुणांसकट पोचला पाहिजे, ही माझी जबाबदारी. ती नीट पार पडली तर कुणाला पत्ताही लागत नाही. त्या मंगळवारी मात्र सगळ्यांचा मोर्चा माझ्या कपाटांकडे वळला.

तालमीच्या आधी व्यवस्थापक मॅडम आत आल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, "आपले कंडक्टर आजपासून येणार नाहीत. करार संपलाय. शनिवारचा कार्यक्रम सहाय्यक कंडक्टर घेतील, बेथोव्हनची पाचवी सिंफनी तशीच राहील."

का गेले, कुणाचं काय बिनसलं, याच्या कॉरिडॉरमध्ये जितकी तोंडं तितक्या कथा होत्या. मी त्यात पडत नाही. माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न आला. स्टँडवर लावलेला पार्ट्सचा संच त्यांचा स्वतःचा होता.

पुष्कळ कंडक्टर नेहमीच्या कृतींचे आपले पार्ट्स बाळगतात. वर्षानुवर्षं घातलेल्या खुणा त्यात असतात: इथे आवाज एक पायरी खाली, इथे ट्रंपेटने दबून, इथे गज उलटा. असा संच हाताशी असला की तालमीतला निम्मा वेळ वाचतो. ऑर्केस्ट्रालाही ते सोयीचं जातं, म्हणून आपला संच अद्ययावत ठेवायचा कंटाळा केला जातो. मी हे बैठकीत अनेकदा बोलले आहे. कपाटात आमचा जुना संच होताच, पण त्यात आधीच्या कंडक्टरच्या खुणा.

तासाभरात त्यांच्या एजंटचा फोन आला: संच आजच परत हवा. मॅडम म्हणाल्या, "पटकन फोटोकॉपी काढून घेऊ या का?" मी नाही म्हटलं. बेथोव्हनवर आता कुणाचा हक्क नाही, पण ती संपादित आवृत्ती प्रकाशकाची आणि त्यावरची मेहनत त्या माणसाची. तो गेला म्हणून ती आपली होत नाही.

आमच्या कॉन्सर्टमास्टर बाई, म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुख, मात्र तडक म्हणाल्या, "त्यांच्या खुणा त्यांना देऊन टाका. गजाच्या दिशा मी ठरवल्यात, त्या मी घेणार." बरोबरच होतं त्यांचं. गज कुठे वर, कुठे खाली, हे पहिल्या व्हायोलिनकडून ठरतं, मग बाकीचे विभागप्रमुख आपापलं जुळवून घेतात आणि शेवटी ते सगळं माझ्या पेन्सिलीखाली येतं. तंतुवाद्यांच्या पाच विभागांत वादक १६, १४, १२, १०, ८. एका स्टँडवर दोघं, म्हणजे ३० स्टँड. एकटीने उतरवायला बसले असते तर संध्याकाळ झाली असती. तालीम दुपारवर ढकलली आणि प्रत्येक स्टँडवरच्या आतल्या बाजूच्या वादकाला, म्हणजे पान उलटणाऱ्याला, जुना पार्ट, मऊ पेन्सिल आणि खोडरबर दिलं. मोठमोठे वादक शाळेतल्या पोरांसारखे माना खाली घालून शेजारच्याचं उतरवत होते.

पेन्सिली चालू होत्या, तशा गप्पाही. कुणीतरी हायडनची ४५वी सिंफनी काढली. १७७२ची ती, जिच्या शेवटी वादक एकेक करून निघून जातात आणि दोनच व्हायोलिनं उरतात. "आपल्याकडे उलटंच झालं," मागून एक चेलोवाला म्हणाला. मग कंडक्टर तोस्कानिनींचा विषय निघाला. १९५४मध्ये ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या रेडिओ ऑर्केस्ट्राचे वादक कंडक्टरशिवायच मंचावर गेले होते. "आपणही जाऊ या की!" यावर कॉन्सर्टमास्टर बाईंनी नुसतं वर पाहिलं. तसं झालं तर सगळा भार कुणावर पडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खरा वाद पेटला तो बॅसून (मऊ आवाजाचं लाकडी फुंकवाद्य) आणि हॉर्न (पितळी फुंकवाद्य) यांच्या बाबतीत. सिंफनीच्या पहिल्या भागात दुसरी मुख्य सुरावट सुरू होण्याआधी हॉर्नची एक दणदणीत ललकारी आहे. तोच प्रसंग पुढे वेगळ्या स्वरात परत येतो, तेव्हा बेथोव्हनने ती बॅसूनना दिली. त्या काळच्या हॉर्नना झडपा नव्हत्या आणि नळी बदलायला तिथे सवड नाही, म्हणून ही तडजोड, असं मानलं जातं. त्यामुळे आधुनिक हॉर्न असताना ती पुन्हा हॉर्नलाच द्यावी, असं बरेच कंडक्टर मानत आले. गेलेले आमचे त्यातलेच. त्यांच्या संचात बॅसूनच्या ओळीवर आडवी रेघ होती आणि हॉर्नच्या पार्टमध्ये हाताने लिहिलेले स्वर.

जुन्या पार्टमध्ये ती रेघ नाही हे पाहून आमचा पहिला बॅसूनवादक इतका खूश झाला की त्याने ती जागा मला दोनदा दाखवली. हॉर्नवाला म्हणाला, "वाजव बाबा, ऐकू आलं तर कळव." सहाय्यकाला विचारलं. तो म्हणाला, "जसं लिहिलंय तसं. बॅसून."

दुपारी तालीम सुरू झाली. पहिले चार स्वर, फर्माटा, म्हणजे शेवटचा स्वर लांबवायची खूण. जुन्या संचात त्यानंतर तोडण्याची खूण आहे आणि सहाय्यकालाही तिथे श्वास हवा होता. त्याने हात थांबवला. ऑर्केस्ट्रा थेट पुढे गेला, गेलेल्या माणसाला हवं होतं तसं. स्टँडवर त्यांचं एक अक्षर उरलं नव्हतं. सहाय्यक म्हणाला, "मी इथे थांबलो होतो." हशा पिकला. पुन्हा. या वेळी अर्धे थांबले, अर्धे निघाले, आणि ते आधीपेक्षा वाईट होतं. तिसऱ्यांदा जमलं, पण सगळे त्याच्याकडे असे बघत होते की जणू पायरी चुकेल. नवीन माणसाबद्दलची नाराजी नव्हती ती. शरीराला लागलेली सवय खोडरबरने जात नाही, इतकंच.

संध्याकाळी खोकं न्यायला ते स्वतः आले. मला कुरिअरवाल्याची अपेक्षा होती. त्यांनी पार्ट मोजले, सही केली आणि खोक्यावर हात ठेवून विचारलं, "बॅसून का हॉर्न?"

"बॅसून."

"वाटलंच." ते जरा थांबले. "मग त्याला सांगा, आधीचा सगळ्यांचा आघात झाला की लगेच खूण देऊ नकोस. हॉलमधली गुंज विरू दे. नाहीतर बिचारे कुणाला ऐकूच येणार नाहीत."

मी सहाय्यकाला निरोप दिला. "हो, दुपारी मी तेच तर केलं," तो म्हणाला.

दुपारी त्याने तसं काही केलं नव्हतं. शनिवारी केलं.