पेंटलँडच्या धारेवरून वेस्ट हायलँड वेकडे : फेब्रुवारी ते ऑगस्टची धावनोंद

स्कॉटलंडमधल्या वेस्ट हायलँड वे या १५४ किलोमीटरच्या वाटेचे शेवटचे दोन टप्पे एका दिवसात धावायचे, हे माझं या वर्षाचं उद्दिष्ट. किंग्जहाउस ते किनलॉकलेव्हन १४ किलोमीटर, तिथून फोर्ट विल्यम आणखी २४. पहिला टप्पा जुलैत सुटा धावून झाला, दुसरा बाकी आहे. एडिंबरात राहून त्याची तयारी कुठे आणि कशी केली, ते लिहून ठेवते. पुण्या-मुंबईहून इकडे येताना बॅगेत बूट टाकणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाला येईल.

आधी हिशोबाबद्दल, कारण प्रगती झाली ती त्याच्यामुळे. इथल्या डोंगरांत घड्याळातला पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, बघून काही कळत नाही. सहाच्या पेसने सुरू केलेला किलोमीटर चढाला लागला की बाराचा होतो आणि दलदलीत पाय रुतला की पंधराचा. म्हणून मी विल्यम नेस्मिथचा नियम धरला. या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला : तासाला तीन मैल चाल, आणि दर २००० फूट चढाला एक तास जास्त. नियम चालणाऱ्यांसाठी आहे, पण त्यातलं गुणोत्तर धावणाऱ्यांनाही लागू पडतं. १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे साधारण ८०० मीटर. प्रत्येक धाव मी आता अशी सपाटीच्या किलोमीटरांत मोजते आणि आठवड्याची बेरीज त्यावरच करते. सिंहगडावर सराव करणाऱ्यांना हे लगेच पटेल. आतकरवाडीतून वर जाताना चढ सहाशे मीटरच्या घरात आहे, म्हणजे अंतराशिवाय जवळपास पाच किलोमीटर नुसत्या चढाचेच.

नियमात उताराचं आणि जमिनीचं काहीच नाही, आणि स्कॉटलंडमध्ये खरी परीक्षा जमिनीचीच असते. हेदरच्या झुडपांतून वाट नसताना धावावं लागलं, तर मी अंतर सरळ दीडपट धरते.

फेब्रुवारी ते मे जवळजवळ सगळा सराव पेंटलँडमध्ये झाला. एडिंबराच्या नैर्ऋत्येला, शहराला अगदी खेटून असलेली ही डोंगररांग आहे. उंची फार नाही, सगळ्यात उंच स्काल्ड लॉ ५७९ मीटर. पण धार उघडी, वारा सतत, आणि एका माथ्यावरून उतरून लगेच दुसरा चढावा लागतो. फ्लॉटरस्टोनहून निघायचं, टर्नहाउस हिल (५०६), मग कार्नेथी (५७३), स्काल्ड लॉ, ईस्ट किप (५३४), वेस्ट किप (५५१), असं धारेने जायचं आणि खाली उतरून लोगनली आणि ग्लेनकोर्स या दोन जलाशयांच्या काठाने परत यायचं. मला सगळ्या स्कॉटलंडमध्ये हीच फेरी सगळ्यात जास्त आवडते, हायलँड्समधल्या नावाजलेल्या वाटा धरूनसुद्धा. कार्नेथीच्या माथ्यावर कांस्ययुगातली दगडांची मोठी रास आहे. तिच्या आडोशाला बसून दोन घोट पाणी प्यायचं, उत्तरेला फोर्थची खाडी आणि तिच्यापलीकडचा फाइफचा किनारा बघायचा, आणि उठायचं.

परतीच्या रस्त्यावरचा ग्लेनकोर्स जलाशय एडिंबराच्या पाण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. सेंट कॅथरिनच्या जुन्या चॅपलचे अवशेष त्याच्या पाण्याखाली गेले आहेत. हा काठाचा डांबरी रस्ता थकलेल्या पायांना फार बरा वाटतो. धार जमत नसेल त्या दिवशी मी फक्त जलाशयांच्या काठाने जाऊन परत येते. स्काल्ड लॉ आणि कार्नेथीच्या मधल्या खिंडीतून कर्क रोड नावाची जुनी पायवाट जाते. या खोऱ्यातले लोक तिने पेनिकुकच्या चर्चला जात. चढाचे रिपीट्स, म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा धावणं, करायला यापेक्षा चांगली जागा मला सापडलेली नाही. चढ एकसारखा आहे, पायाखालची जमीन पक्की आहे आणि वर पोहोचलं की दोन्हीकडची दरी दिसते.

याच डोंगरांत दर फेब्रुवारीत कार्नेथी फाइव्ह ही शर्यत होते. १३०३ मध्ये इथून जवळच झालेल्या रॉझलिनच्या लढाईच्या स्मरणार्थ ती भरवतात. पाच माथे, साडेनऊ किलोमीटरच्या आसपास अंतर आणि सुमारे ७६० मीटर चढ. नेस्मिथने मोजलं तर साडेपंधरा किलोमीटर. मी ती अजून धावलेले नाही, पण सरावासाठी त्याच माथ्यांवर गेले. उतारावर मांड्या कशा धरतात, ते तिथे समजलं. लांब टांगा टाकून टाचेवर आपटत उतरण्यापेक्षा पावलं छोटी आणि भराभर टाकायची, शरीर किंचित पुढे, नजर तीन-चार पावलं पुढच्या जागेवर. मार्चमध्ये कार्नेथीवरून उतरल्यावर दोन दिवस जिना उतरता येत नव्हता. मेअखेर दुसऱ्या सकाळी पुन्हा सहज धावता यायला लागलं. या वर्षातली खरी प्रगती मी हीच मानते.

एक सूचना : कासललॉच्या बाजूला सैन्याचं गोळीबाराचं मैदान आहे. लाल झेंडे दिसले की त्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही.

जूनमध्ये पायांना विश्रांती म्हणून फाइफच्या किनाऱ्यावर गेले. ईली, सेंट मोनन्स, पिटनवीम, अँस्ट्रदर, क्रेल अशी कोळ्यांची गावं एकामागून एक लागतात आणि चढ जवळजवळ नाही. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा असतो, तेव्हा ईलीहून क्रेलकडेच धावा. तो पाठीवर राहतो. सेंट मोनन्सच्या चर्चखालचा वाटेचा तुकडा भरतीला पाण्याखाली जातो, म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ बघून घ्यायची.

त्यानंतर केर्नगॉर्म्समधलं लॉक मिक. सरोवराभोवतीची फेरी सुमारे १२ किलोमीटरची, पण पाण्याची पातळीच ४०० मीटर उंचावर, त्यामुळे जूनमध्येही वारा बोचतो. वाट रुंद आणि सोपी. पलीकडच्या काठावर पाइनच्या झाडांत व्हिक्टोरिया राणीसाठी १८६८ मध्ये बांधलेलं घर आहे. तांबड्या हरणांचे कळप इतके जवळ असतात की आपोआप वेग कमी होतो, आणि तो करावाच. कुणाला स्कॉटलंडमध्ये एकच धाव घेता येणार असेल आणि डोंगरात धावायची सवय नसेल, तर मी बेधडक लॉक मिक सुचवेन.

जुलैचा टप्पा. किंग्जहाउसहून निघालं की समोर बुअखल एटिव्ह मोर हा १०२२ मीटरचा डोंगर उभा असतो, आणि पहिले चार-पाच किलोमीटर तो नजरेसमोरून हलत नाही. ऑल्टनाफीला मुख्य रस्ता सुटतो आणि डेव्हिल्स स्टेअरकेस सुरू होतो. अठराव्या शतकाच्या मध्याला सैन्याने बांधलेल्या रस्त्याचा हा नागमोडी चढ आहे. नाव ऐकून धसका घेऊ नका. जेमतेम दोन किलोमीटरांत अडीचशे मीटर चढायचं असतं, आणि पेंटलँडमध्ये सराव झालेला असेल तर बराचसा चढ छोट्या पावलांनी धावता येतो. वरची खिंड सुमारे ५५० मीटरवर, संपूर्ण वाटेवरची सगळ्यात उंच जागा. ढग वर होते, वारा मागून होता, आणि पलीकडे डोंगरांच्या रांगांमागे रांगा दिसत होत्या. मी तिथे ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ थांबले.

दमवतो तो पुढचा उतार. किनलॉकलेव्हन समुद्रसपाटीला आहे, म्हणजे मिळवलेली सगळी उंची सोडायची, आणि तीही सुट्या दगडांवरून. मार्चमधल्या मांड्यांनी हे झालं नसतं. खाली येताना ब्लॅकवॉटर धरणातून पाणी आणणारे जाडजूड पाइप दिसतात. त्या पाण्यापासून केलेल्या विजेवर इथला अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना चालायचा. तो २००० मध्ये बंद झाला.

सामानाबद्दल थोडक्यात. वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट जुलैतही हवंच, टोपी आणि हातमोजेही. खायला मी शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर नेते. थंडीत एनर्जी जेलपेक्षा ते मला जास्त मानवतात. मिजेस नावाच्या बारीक चावऱ्या माश्या वारा पडला की तुटून पडतात, त्यामुळे थांबायचं ते वाऱ्याच्या जागी. ब्रॅकन नेच्यातून गेलात तर घरी आल्यावर गुडघ्यांमागे, जांघेत, काखेत गोचीड बघा. असेल तर लगेच चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. पुढे काही दिवसांत लाल चकंदळ पसरलं तर डॉक्टर गाठा, लाइमचा आजार असू शकतो.

इथे धावणाऱ्यांचं भाग्य असं की २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर जायचा हक्क आहे, मालक कुणीही असो. ती जबाबदारी मनापासून पाळू या. फाटक उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. वासरं असलेल्या गाईंच्या मधून जायचं नाही. एप्रिल-मेमध्ये कोकरं असतात तेव्हा मेंढ्यांना लांबून वळसा घालायचा.

आता सप्टेंबर. दोन्ही टप्पे एकत्र, सकाळच्या बसने किंग्जहाउसला उतरून. महिनाअखेर दिवस आणि रात्र जवळपास सारखीच, म्हणून हेडटॉर्च बरोबर राहील. किनलॉकलेव्हनला पाणी भरून घ्यायचं, कारण पुढे गावातून निघताच खडा चढ आहे आणि मग लॅरिगमोरच्या लांब, ओसाड खोऱ्यात पडक्या घरांशिवाय आडोसा नाही. तोवर दर आठवड्याला पेंटलँडची एक पूर्ण धार आणि कर्क रोडचे रिपीट्स चालू. शेवटी ग्लेन नेव्हिसमध्ये उतरताना बेन नेव्हिस समोर येईल, पण या खेपेला त्याच्या वाटेला जाणार नाही. जवळपास समुद्रसपाटीपासून १३४५ मीटर, म्हणजे नेस्मिथच्या हिशोबाने नुसत्या चढाचेच पावणेअकरा किलोमीटर. त्याची तयारी पुढच्या फेब्रुवारीत सुरू करेन.