बॅग न घेता बाहेर पडणारी माणसं

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला एका कपड्यांच्या दुकानात टीम मॅनेजर आहे, ब्रॉड स्ट्रीटपासून दोन मिनिटांवर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण अजून तिथेच नोकरी करते. देशभर शाखा असलेली जुनी चेन आहे, एके काळी इथल्या बायकांच्या कपाटात आमचा एक तरी कोट असायचाच असं जुनी माणसं सांगतात, आणि आता दर वर्षी कुठल्या शाखा बंद होणार याची यादी येते. गेल्या ऑक्टोबरात त्या यादीत आमच्या शाखेपुढे "रिव्ह्यू" असं लिहून आलं. म्हणजे भाडेकरार संपत आलाय, तो वाढवायचा की नाही ते आकडे बघून ठरणार.

माझ्यासोबत फ्लोअरवर एक बाई आहेत, साठीच्या आसपास. त्या आधी वुलवर्थ्समध्ये होत्या, ते जानेवारी 2009 मध्ये बंद झालं, मग बीएचएसमध्ये लागल्या, ते 2016 मध्ये गेलं. मध्ये काही दिवस डेबेनहॅम्समध्ये पण होत्या, त्याची शेवटची दुकानं मे 2021 मध्ये बंद झाली, म्हणजे 1778 साली सुरू झालेलं दुकान आणि आता ते नाव फक्त वेबसाइटवर उरलंय. यादी आली त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, पोरी, मेलवर जाऊ नकोस, छताकडे बघ, गेलेले बल्ब बदलायचे थांबले की समजायचं. आमच्याकडे लहान मुलांच्या सेक्शनवरचे तीन दिवे उन्हाळ्यापासून बंद होते.

आता अशा वेळी सगळे जे बोलतात तेच आमच्याकडेही चालू होतं. ॲमेझॉनने खाल्लं, बिझनेस रेट्स म्हणजे दुकानाच्या जागेवरचा कर परवडत नाही, पार्किंग महाग, गिऱ्हाईक ओरॅकल मॉलमध्ये जातं. यातलं काहीच खोटं नाही. पण ओरॅकल 1999 पासून तिथेच आहे आणि त्यानंतरही बरीच वर्षं आमचं दुकान जोरात चालत होतं, मग फक्त मॉलवर कसं ढकलायचं? हेड ऑफिसचा उपाय होता नवीन लॉयल्टी ॲप आणि तरुणांसाठी नवीन कलेक्शन. आम्ही टिलवर, म्हणजे बिल करायच्या काउंटरवर, प्रत्येकाला ॲप डाउनलोड करायला सांगायचो आणि मागे लाइन वाढत जायची.

त्याच सुमाराला एरिया मॅनेजर बदलल्या. नवीन बाई सुपरमार्केटमधून आलेल्या, कपड्यांचा अनुभव शून्य, त्यामुळे सगळ्यांनी नाकं मुरडली होती. पहिल्याच भेटीत त्यांनी दारावरच्या सेन्सरकडे बोट दाखवून विचारलं, हा काय मोजतो? हा सेन्सर आत येणारी डोकी मोजतो. त्याने एकूण बिलांना भागलं की कन्व्हर्जन मिळतं, दर सोमवारच्या कॉलवर सगळा वेळ त्याचीच चर्चा. आमचं कन्व्हर्जन तेव्हा वीसच्या आसपास होतं, म्हणजे शंभर माणसं आत आली तर वीस काहीतरी घेणार. त्या म्हणाल्या, ठीक, आणि उरलेली ऐंशी का गेली ते कुठे लिहिलंय? कुठेच नव्हतं लिहिलेलं. बिलाच्या खाली सर्व्हेची लिंक असते, पण बिल मिळतं फक्त घेणाऱ्याला! ज्याने काही घेतलंच नाही त्याला विचारायची काही सोयच नव्हती आमच्याकडे, इतक्या वर्षांत.

म्हणून त्या शनिवारी त्यांनी मला आणि माझ्या त्या सीनियर सहकारी बाईंना टिलवरून काढलं आणि दारात उभं केलं. स्वतः टिलवर बसल्या. आम्हाला सांगितलं, आज विकायचं नाही, जो बॅग न घेता बाहेर पडेल त्याला एकच विचारायचं, काय शोधत होतात आणि का नाही मिळालं. वहीत त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या शब्दांत नाही.

सुरुवातीला लोक थांबेचनात. ब्रॉड स्ट्रीटवर क्लिपबोर्ड घेऊन चॅरिटीवाले उभे असतात, लोकांना वाटलं आम्ही त्यांच्यातल्याच. क्लिपबोर्ड आत ठेवला, छोटी वही खिशात टाकली आणि नुसतं नेम बॅज दिसेल असं उभं राहिलो, मग बोलायला लागले. आणि एकदा बोलायला लागले की थांबेनात हो, लोकांना इतकं सांगायचं असतं! एक गृहस्थ म्हणाले माझी उंची कमी आहे, 29 इंच लेगची पँट लागते, तुमच्याकडे 31 पासून सुरुवात, ऑनलाइन मागवली तर दोनदा परत करावी लागते, म्हणून दर वेळी आशेने आत येतो आणि तसाच जातो. दर वेळी आशेने आत येतो, म्हणजे हा माणूस कुठेही गेलेला नाही, अजून येतोच आहे, आणि आमच्या आकड्यात तो फक्त "फुटफॉल", म्हणजे आत आलेलं एक डोकं.

एक मुलगी जवळजवळ रडवेली बाहेर पडत होती. सोमवारी इंटरव्ह्यू, काळी साधी पँट हवी, साइज 16, आणि रेलवर 8, 10 आणि 22 एवढंच. मी हँडहेल्डवर, म्हणजे हातातल्या स्कॅनरवर, बारकोड मारला तर सहा नग स्टॉकमध्ये दाखवतोय. तिला म्हटलं पाच मिनिटं थांब आणि वर स्टॉकरूममध्ये पळाले. तिथे जे दिसलं ते मी रोज बघत होते खरं तर, पण त्या मुलीला खाली उभं ठेवून बघताना वेगळंच वाटलं. गुरुवारची डिलिव्हरी चाकांच्या जाळीदार पिंजऱ्यांत तशीच, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. पिंजऱ्यांच्या पुढे ऑनलाइन रिटर्न्सच्या पिशव्यांचा ढीग, त्याच्या पुढे क्लिक अँड कलेक्टची, म्हणजे ऑनलाइन मागवून दुकानातून न्यायची पार्सलं. स्टाफचे तास दर तिमाहीला कापत कापत इतके खाली आणलेत की जे दोघं सकाळी माल लावायला येतात ते अर्धा दिवस पार्सलं स्कॅन करण्यात घालवतात, आणि जी पँट विकायला आणली ती विकायच्या जागेपर्यंत पोहोचतच नाही. तिसऱ्या पिंजऱ्याच्या तळाशी 16 सापडली. घालून बघते म्हणाली.

आणि मग फिटिंग रूमचा प्रश्न. आमच्याकडे आठ आहेत, त्यातल्या पाचांना कुलूप, कारण आतमध्ये जास्तीची पार्सलं ठेवलेली, आणि उघड्या तिनांपुढे भलीमोठी लाइन. त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा काय आलं असेल तर हेच, लाइन बघून निघालो. ॲमेझॉनकडे सगळं आहे, एक फिटिंग रूम नाही. अंगावर घालून आरशात बघायचं, बसलं तर लगेच घेऊन जायचं, ही एक गोष्ट फक्त आमच्याकडे आहे आणि आम्ही तिथे ऑनलाइनची पार्सलं कोंबून ठेवलेली. मला याचा भयंकर राग आला. एरिया मॅनेजरला जाऊन सांगितलं, त्यांनी त्याच मिनिटाला दोन मुलं वर पाठवली आणि तासाभरात आठही खोल्या मोकळ्या केल्या. स्टाफरूममधल्या दोन खुर्च्या बाहेर आणून ठेवल्या, कारण नवरे आणि आया कंटाळून उभ्या राहतात आणि त्यांचा चेहरा बघून आतली बाई घाई करते आणि काहीच न घेता निघते. मिरजेला माझ्या मामाच्या साडीच्या दुकानात बायकोसोबत आलेल्या माणसाला आधी गादीवर बसवून पाणी देतात, मग साड्या काढतात, आणि ते कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही त्याला.

तिथून थोड्या वेळाने एक आजी-आजोबा बाहेर पडले. आजींनी नऊवारी नाही पण साधी सुती पाचवारी, त्यावर मुलाचं मोठं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. आजोबांना म्हणाल्या, "चला हो, इथे काही नाही." मी म्हटलं, आजी, काय बघत होतात? "अगं बाई, मराठी का तू!" मग हात धरूनच सांगायला लागल्या. मुलाकडे आल्यात सहा महिन्यांसाठी, थंडी सोसत नाही. "पुढून उघडं स्वेटर हवंय गं, बटणाचं. डोक्यातून घालायचं नको, पदर विस्कटतो, आणि मुख्य म्हणजे माझा खांदा वर जात नाही. आणि खिसा हवा." आमच्याकडे त्या दिवशी सगळं डोक्यातून घालायचं होतं किंवा छोटं कंबरेपर्यंतचं क्रॉप केलेलं. मी लिहून घेतलं. वही घेऊन सहकारी बाईंना दाखवायला गेले तर त्यांच्या पानावर एका इंग्लिश आजींचं वाक्य लिहिलेलं होतं, सकाळचं, की पुढून बटणं असलेलं कार्डिगन, खिशासकट, खांदा आखडलाय म्हणून हात वर जात नाही. साडीवाल्या आजी आणि ट्वीडच्या स्कर्टवाल्या आजी, दोघींचा खांदा तोच आणि खिसा तोच.

त्यावर सहकारी बाई जे बोलल्या ते मला आधी माहीत नव्हतं. अगदी असंच कार्डिगन आमच्याकडे वर्षानुवर्षं होतं, सहा रंगांत, दर सप्टेंबरात बायका येऊन दोन-दोन घेऊन जायच्या. दोन सीझनपूर्वी ब्रँडचं रूप "फ्रेश" करायचं ठरलं तेव्हा ते दुकानातून काढलं, त्याने ब्रँड म्हातारा दिसतो म्हणून. आम्ही हँडहेल्डवर शोधलं तर ते अजून वेबसाइटवर होतं! ऑनलाइन ओन्ली. ज्या बायकांना ते हवं त्यातल्या कितीतरी ऑनलाइन काही घेत नाहीत, कारण लोकर हातात घेऊन बघितल्याशिवाय त्यांना चालत नाही, आणि माल नेमका तिथेच. तरुण गिऱ्हाईक यावं याला माझा विरोध नाही, पण तरुण मुलीला आमच्याकडे यायचं काही कारण नव्हतं आणि जिला होतं तिचं कारण आम्ही स्वतःच काढून घेतलं. गिऱ्हाईक तुटलं म्हणतात ते असं तुटतं.

सेलबद्दल पण लोक स्पष्ट बोलले. एक बाई कोट हातात घेऊन पंधरा मिनिटं फिरल्या आणि परत लावून निघाल्या. म्हणाल्या कोट आवडलाय, पण पुढच्या आठवड्यात तुमचं 30 टक्के असणारच, नेहमी असतं, आज पूर्ण पैसे दिले तर मला मूर्खासारखं वाटेल. याला काय उत्तर देणार? खरंच होतं ते. त्या म्हणतात तसं झालं की ती बाई पुढच्या आठवड्यात येईपर्यंत तिचा साइज गेलेला असतो, म्हणजे कोट पण गेला आणि बाई पण.

लंचला मी वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या चेनच्या दुकानात गेले, ते ब्रॉड स्ट्रीटवर एका जुन्या चॅपलच्या इमारतीत आहे, मला फार आवडतं. त्या दिवशी मात्र दुकानदाराच्या नजरेने बघत होते. 2011 मध्ये ही चेनही बुडायच्या बेतात होती, तेव्हा ती 5 कोटी 30 लाख पौंडांना विकली गेली आणि जेम्स डॉन्ट म्हणून स्वतःची पुस्तकांची दुकानं चालवणारा माणूस प्रमुख झाला. प्रकाशक पैसे देऊन पुढच्या टेबलावरची जागा विकत घ्यायचे ते त्याने बंद केलं, थ्री फॉर टू, म्हणजे दोनच्या पैशांत तीन पुस्तकं, ते बंद केलं, आणि कुठलं पुस्तक कुठे ठेवायचं ते त्या त्या शाखेवर सोडलं. त्यासाठी प्रकाशकांकडून येणाऱ्या मोठ्या पैशांवर पाणी सोडलं, नोकऱ्याही कमी झाल्या, ते सगळं गोड नव्हतं. पण काही वर्षांत चेन नफ्यात आली, आणि ॲमेझॉनने सुरुवात तर पुस्तकांपासूनच केलेली, म्हणजे सगळ्यात जास्त मार यांनाच बसायला हवा होता. माझ्या डोक्यात तेव्हा हेच चाललेलं की रेडिंगच्या आजींना काय हवं ते लंडनच्या ऑफिसमध्ये बसून कसं कळणार, आम्हाला सुद्धा दारात उभं राहिल्यावर कळलं.

संध्याकाळी शटर ओढल्यावर वही मोठ्याने वाचली. एरिया मॅनेजर मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, मार्क्स अँड स्पेन्सर 2019 मध्ये फुट्सी 100 मधून, म्हणजे लंडन शेअर बाजारातल्या शंभर सगळ्यात मोठ्या कंपन्यांच्या यादीतून, बाहेर पडलं आणि 2023 मध्ये परत आत आलं, त्यांनी केलेल्या कामात बरंचसं हेच होतं, प्रकार कमी करा, जे खपतं ते सगळ्या साइजमध्ये भरपूर ठेवा, सारखं डिस्काउंट देऊ नका. यात नवीन काही नाही, फक्त करायला चिवटपणा लागतो.

त्यांनी त्यांच्या हातात होतं तेवढं लगेच केलं. दोन माणसांचे तास पार्सलांवरून काढून फक्त माल फ्लोअरवर आणायला दिले. क्लिक अँड कलेक्ट मागच्या दाराजवळच्या खोलीत गेलं. फिटिंग रूमला शनिवार-रविवार एक कायमचं माणूस, जे दुसरा साइज आणून देईल. ॲपचं टिलवर विचारणं बंद. कार्डिगनसाठी त्यांना बरंच भांडावं लागलं, पण नोव्हेंबरात ते आमच्या एकट्या शाखेत ट्रायल म्हणून आलं, तीन रंगांत, आणि आम्ही दाराजवळच्या पहिल्या रेलवर लावलं. नेव्ही ब्लू ख्रिसमसच्या आधीच संपलं. साडीवाल्या आजींना मी फोन केला होता, त्यांनी मरून रंगाचं घेतलं आणि सुनेलाही एक घ्यायला लावलं.

सेलचं मात्र काही झालं नाही. ते वरून ठरतं, ब्लॅक फ्रायडेला आमच्याकडेही सगळीकडे लाल पाट्या लागल्या आणि माझ्या मते ते चूकच होतं.

कन्व्हर्जन आता सव्वीस-सत्तावीसला आहे, फुटफॉल जवळपास तेवढाच. भाडेकराराचा निर्णय मार्चवर ढकललाय, घरमालक भाडं कमी करायला तयार आहे असं ऐकतो. लहान मुलांच्या सेक्शनवरचे दिवे लागले, ते मीच इतके मेल केले की शेवटी माणूस पाठवला त्यांनी. आता दर महिन्याला एक शनिवार आमच्यातलं कुणीतरी दारात उभं असतं. 29 इंचाच्या पँटला बायिंग टीमने स्प्रिंगसाठी नाही म्हणून कळवलंय, पण वहीत तोपर्यंत त्याच मापाची आणखी नऊ नावं जमलीत, ती मी पुढच्या कॉलवर वाचून दाखवणार आहे.