ताईच्या लग्नाचा फोटोग्राफर शोधताना

ताईला पोज देऊन काढलेले फोटो नकोच होते, जे घडतंय ते तसंच टिपणारा माणूस हवा होता. इन्स्टावरचे निवडक २०-३० फोटो बघून काही कळत नाही हो, सरळ एका अख्ख्या लग्नाचे सगळे फोटो मागा, त्यातही कमी उजेडाच्या हॉलमधले, कारण अंतरपाट बाजूला होतो तो क्षण परत मिळत नाही आणि नेमक्या तेव्हाच अक्षता उडत असतात, करवल्या मध्ये येतात. आम्ही ठरवलेला दादा ३५ एमएमची लेन्स लावून अगदी जवळ उभा राहायचा, कुणाला एकदाही 'इकडे बघा' म्हणाला नाही. पाठवणीला बाबा मांडवाचा खांब धरून उभे होते, हातात ताईची पर्स तशीच राहिलेली. तो फोटो मी अजून रोज बघते.