शेवटी नाक वळलं

तीन रविवार आमची फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) गाडी एकच हट्ट धरून होती. स्टीअरिंग कितीही फिरवा, वळणात पुढून सरळच सरकायची. अंडरस्टीअर. आज कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोन लावून स्किडपॅड, म्हणजे गोल फिरून वळणातली पकड तपासायचा ट्रॅक, आखला, आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर, आणि ठरवलं की एका वेळी एकच बदल करायचा. मागे घाईत तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, कशाने काय झालं ते कळलंच नाही.

गाडी थांबल्या थांबल्या पुढच्या टायरचं तापमान घेतलं. बाहेरची कड ६८, आतली ५७. म्हणजे वळणात गाडी कलली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतोय, पूर्ण रबर रस्त्याला टेकतच नाहीये. शिम (पातळ चकत्या) बदलून निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकण्याचा कोन, दीड अंशावरून अडीचवर नेला. कॅम्बर हलला की टो (वरून पाहता चाक किती आत-बाहेर वळलंय तो कोन) पण हलतो, म्हणून दोरी लावून तो पुन्हा जुळवला. या उन्हात अर्धा तास गेला, पण ते टाळून चालत नाही.

फरक पडला, तरी वळणाच्या मध्यावर थोडं सरकणं उरलंच. मग पुढची पकड वाढावी म्हणून पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं कलणं रोखणारा दांडा, एक घर मऊ केला.

पुढच्या फेरीनंतर आमच्या ड्रायव्हरने हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "अगं, आता ऐकते ती!" मला तिथेच रडू आलं.

आता दादर स्लो लोकलमध्ये बसलेय. वळणातून बाहेर पडताना गॅस दिला की मागचं थोडं सुटतंय. ते पुढच्या रविवारी.