नळाच्या पाण्यातली वीज

पैठणच्या नाथसागरातून छत्रपती संभाजीनगरला येणारे पाणी पंपांनी चढवून आणावे लागते. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायचे, तर घर्षण वगळूनही सुमारे ०.२७ युनिट वीज लागते, आणि राज्यातली बरीचशी वीज अजूनही कोळशावरच तयार होते. त्यामुळे नळाला पाणी सुटल्यावर आमच्या गल्लीतल्या व्हॉल्व्हमधून तासभर रस्त्यावर वाहणारी धार पाहिली, की पाण्याइतकाच जळालेल्या कोळशाचाही विचार मनात येऊन जीव तुटतो. कार्बन कमी करण्याची चर्चा इलेक्ट्रिक बसपाशी थांबते. जलवाहिन्यांची दुरुस्ती, कार्यक्षम पंप आणि बांधकाम परवानगीतल्या पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याच्या (पुनर्भरणाच्या) अटीची प्रत्यक्ष तपासणी मात्र मागे पडते, जरी हे सारे स्थानिक धोरणाच्या हातातले आहे. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेही इंधन जाळूनच. गळती रोखण्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी, असे निवेदन मी या आठवड्यात देणार आहे.