गिअरबॉक्स उतरवायच्या आधी क्लच ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून बघा

टोमॅटोच्या सीझनला आमच्या चौदा फुटी ट्रकने जो घाम फोडलाय तो आठवला तरी डावा गुडघा दुखतो. गिरणारेहून क्रेट भरून रात्री निघायचं, पहाटे वाशी, आणि दुपारी रिकामी गाडी घेऊन परत नाशिक, असा आमचा धंदा, आणि गाडी मीच चालवतो. जाताना काही नाही. येताना कसारा घाटात जाम लागला की संपलं, दहा-बारा वेळा क्लच मारला की पहिला गिअर पडायचाच नाही, दोन्ही हातांनी ढकला तरी नाही, आणि रिव्हर्सला तर अशी करकर की शेजारचा ड्रायव्हर काच खाली करून बघायचा. मग मी एक जुगाड शोधला, गाडी बंद करायची, पहिला टाकायचा आणि गिअरमध्येच सेल्फ मारायचा, गाडी उडी मारून पुढे. घाटात हे करणं किती येडेपणाचं आहे ते मला सांगू नका, मला माहितीये.

द्वारकेजवळच्या एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली न मारली आणि निकाल दिला, सिंक्रो (गिअर पडताना दोन्ही चाकांचा वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, 18,000 धरून चाला. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण घरी येताना डोक्यात आलं की बाबा गाडी बंद असताना पहिला-दुसरा-रिव्हर्स सगळे अलगद पडतात, मग बॉक्स खराब कसा? लिव्हरचे बुश गेले असते तर गाडी बंद असतानाही काहीतरी अडकलंच असतं की, आणि सिंक्रो गेले असते तर चालत्या गाडीत गिअर बदलतानाही करकर झाली असती. फक्त इंजिन चालू असताना त्रास म्हणजे पेडल दाबूनसुद्धा क्लच प्लेट पूर्ण सुटत नाहीये, बॉक्सचा शाफ्ट इंजिनबरोबर फिरतच राहतोय, आणि फिरत्या शाफ्टवर आपण गिअर दामटतोय. बिचारा गिअर तरी काय करणार.

म्हणून आडगाव नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी मला केबिनमध्ये बसवलं आणि म्हणाले, भाऊ, पेडल पटापट चार वेळा मारा आणि मग गिअर टाका. पडला! आता पेडल दाबूनच ठेवा म्हणाले. अर्ध्या मिनिटात गाडी हळूच पुढे सरकायला लागली, पाय तर मी हलवलाच नव्हता. म्हणजे पेडलजवळच्या, ऑइल ढकलणाऱ्या वरच्या सिलिंडरमधलं प्रेशर आतल्या आत निसटत होतं, बाहेर एक थेंब गळत नसताना. मग ते खाली शिरले, मी पेडल दाबलं, त्यांनी पट्टी लावून मोजलं, त्या ऑइलच्या जोराने क्लच सोडवणाऱ्या खालच्या, म्हणजे लोअर सिलिंडरची काडी जेमतेम 8 मिलिमीटर सरकत होती. (दुरुस्तीनंतर 15 भरली. हा आमच्या गाडीचा आकडा, तुमच्या गाडीचा वेगळा असेल.)

किट बदललं, म्हणजे दोन्ही सिलिंडरच्या रबरी वॉशर नवीन, ऑइलमध्ये अडकलेली एअर काढली, गाडी मस्त. पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी परत घाटात तेच.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मेस्त्रींनी क्लच ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि नुसते बघत राहिले. झाकणाखालचं रबर फुगून लाटांसारखं झालेलं, परत खोबणीत बसेना. चहाच्या प्लास्टिकच्या कपात पाणी घेतलं, टाकीतलं थोडं ऑइल सोडलं. क्लचच्या टाकीतही ब्रेक ऑइलच असतं, ते पाण्यात मिसळून जातं, हे तवंगासारखं वर तरंगत राहिलं. माझ्याकडे बघून म्हणाले, यात काय ओतलं होतं?

आणि मला घोटीचा ढाबा आठवला. जूनमधली रात्र, टाकी खाली गेलेली, गाडीत स्टेअरिंग ऑइलचा डबा होता, मनात म्हणलं ऑइल ते ऑइल. अर्धी वाटी असेल. या सिस्टिमचं रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं, पेट्रोलियमचं ऑइल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. पाईपमध्ये तेच घाण ऑइल शिल्लक होतं म्हणून नवीन किटही पंधरा दिवसांत गेलं. आणि घाटातच त्रास का, त्याचंही उत्तर मिळालं, लोअरकडे जाणारा रबरी होज (नळी) आतून मऊ झालेला, इंजिन तापलं की अजून ढिला, मेस्त्रींनी तो मुठीत धरायला लावला आणि पोराला पेडल मारायला सांगितलं, तर हातात बेडकाच्या गळ्यासारखा फुगत होता. माझ्या पायाचा अर्धा जोर तिथेच जिरत होता.

मग दोन्ही सिलिंडर नवीन, होज नवीन, झाकणाचं रबर नवीन, लोखंडी पाईप धुऊन हवा मारून कोरडा केला. नवीन डॉट 4 ब्रेक ऑइल टाकलं, सीलबंद डब्यातलं, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि मग लवकर उकळतं, डॉट 4 कोरडं असताना 230 डिग्रीला, ओल धरल्यावर 155 च्या आसपास. एअर काढताना पेडल मारत बसले नाहीत, लोअर सिलिंडरच्या निप्पलमधून (एअर सोडायच्या स्क्रूतून) ऑइल कॅनने वर ढकललं, हवा वरच जाते ना, मग तिला खाली कशाला ओढायचं. एअरची निप्पल सिलिंडरच्या वरच्या बाजूला आली पाहिजे हेही तिथेच कळलं, उलटी बसवली तर दिवसभर एअर काढली तरी निघायची नाही.

सगळं धरून गिअरबॉक्सच्या निम्म्यात झालं, त्यातलं पहिलं किट निव्वळ माझ्या आळसाचं.

आता घाटात करंगळीने गिअर पडतो. फक्त थंडीत, निफाडकडे पहाटे माल भरायला गेलं की पहिले दोन किलोमीटर दुसरा जरा कडक जातो, पण ते गिअर ऑइल गारठल्यामुळे, गरम झालं की सुटतं. आणि तो स्टेअरिंग ऑइलचा डबा मी केबिनमधून काढून घरी माळ्यावर ठेवलाय.