शब्दवही अपडेट: डुक्कर काय संपेना

जनावरा-पक्ष्यांवरनं वस्तूंना पडलेली नावं मी एका वहीत गोळा करतोय. मागच्या टायमाला म्हटलेलं की 'पिग' दोन दिवसात उरकतो आणि 'क्रेन' घेतो. तीन आठवडे झाले, मी अजून डुकरातच.

शिरोलीला फौंड्रीत कामाला आहे, पिग आयर्न, म्हणजे भट्टीतनं निघालेलं कच्चं लोखंड, रोज डोळ्यासमोर, पण लोखंडात डुक्कर कुठनं घुसलं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तर पूर्वी ब्लास्ट फर्नेसमधनं, म्हणजे लोखंडाच्या मोठ्या भट्टीतनं, वितळलेलं लोखंड वाळूत पाडलेल्या एका मोठ्या पाटात सोडायचे आणि त्या पाटाच्या कडंला बारक्या बारक्या सऱ्या, वरनं बघितलं की सेम डुकरीण आडवी पडलीय आणि पिल्लं ओळीनं लुचतायत. म्हणून पाटाला 'सॉ', म्हणजे डुकरीण, आणि सरीतल्या लगडी त्या पिग. आता लगडी मशीनवर ओततात, डुकरीण गेली, पिल्लांचं नाव तेवढं राहिलं. हे मोल्डिंगच्या मामांना सांगितलं, वर क्रेन हासुद्धा पक्षीच म्हटलं, तर मामा म्हणाले, "म्हंजे बगळ्यानं डुक्कर उचललं म्हण की!" बगळा न्हवं मामा, करकोचा. पण ऐकतंय कोण.

तेलाच्या पाइपलाइनीत आतनं साफ करत जाणारा बोळा असतो तोपण पिग. 'पाइपलाइन इन्स्पेक्शन गेज' अशी त्याची फोड सांगतात, ती मागनं जुळवलेली, म्हणून खोडली. पिगी बँक, म्हणजे पैशाचा गल्ला, याचं नाव 'पिग' नावाच्या मातीवरनं पडलं ही गोष्ट मी लई रंगवून लिहिलेली, तिला भक्कम पुरावा नाही, तीपण खोडली, जीव तुटला राव. गिनी पिग ना गिनीचं ना डुक्कर, मूळ दक्षिण अमेरिकेचं, पुढं चला.

खरा माल पोर्सिलेनमध्ये. इटालियनमध्ये 'पोर्चेला' म्हणजे डुकराची लहान मादी, तिच्यावरनं कवडीला 'पोर्चेलाना', आणि चिनी मातीची भांडी कवडीसारखी गुळगुळीत चकचकीत म्हणून त्यांनाबी तेच नाव. म्हणजे घरातली कपबशी आणि भुत्याच्या गळ्यातली माळ एकाच डुकरिणीच्या पोटची! हे बायकोला चहा पिताना सांगायला नको होतं.

आपल्यातबी हे आहेच की, जुन्या लांब तोंडाच्या तीनचाकी टेम्पोला डुक्करच म्हणायचे, नुसत्या थोबाडावरनं.

तर पिगच्या नोंदी 14, खोडलेल्या 2. क्रेनचं पान कोरंच आहे, वर फक्त मामांचा बगळा लिहून ठेवलाय.